दान, भेट आणि खंडणी



डिसेंबर लागला की शहरातल्या कित्येक घरांत मुलाच्या शाळेतून एक चिठ्ठी येते. अमक्या दिवशी मुलाला लाल कपडे घालून पाठवावे, सोबत एक भेटवस्तू द्यावी, ती अमक्या किमतीची असावी. आजकाल ही चिठ्ठी मोबाईलवर येते, एवढाच फरक. कचेरीतही तोच प्रकार. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचे नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. सक्ती कोणी करीत नाही. परंतु जो देत नाही त्याच्याकडे सगळे वळून पाहतात.

तुमचे कुटुंब नुकतेच धम्मात आले असेल, तर अशा वेळी तुमच्या मनात दोन विचार झगडत असतील. हा आपला सण नव्हे, हा एक. आणि पोराला वर्गात एकटे कसे पाडायचे, हा दुसरा. शेवटी आई डाळीच्या डब्यात जपून ठेवलेली नोट काढते आणि बाजारात जाते. परत येताना तिच्या हातात वस्तू असते, पण मनात समाधान नसते. हे असमाधान कशाचे आहे, याचा आज आपण शांतपणे विचार करू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपला वाद नाताळशी नाही. नाताळ हा ख्रिस्ती बांधवांचा सण आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि जालना भागांत आपल्याच रक्ताची कित्येक कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती आहेत. ती त्या दिवशी देवळात जातात, गाणी म्हणतात, गोडधोड करतात, शेजाऱ्याला बोलावतात. त्यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? आपला प्रश्न वेगळा आहे. सणाच्या नावाखाली जो बाजार उभा राहतो, त्याच्यापुढे माणसाने मान तुकवावी काय, हा तो प्रश्न. आणि हा प्रश्न आपल्याआधी खुद्द ख्रिस्ती देशांतल्या माणसांनी विचारलेला आहे. म्हणून आपण तिकडेच जाऊन पाहू.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या वसाहतीत १६५९ साली एक कायदा झाला. नाताळ साजरा करताना कोणी आढळल्यास त्याला पाच शिलिंग दंड! हा कायदा करणारे नास्तिक नव्हते. ते कडवे ख्रिस्ती होते. येशूच्या जन्माची तारीख बायबलात दिलेली नाही, मग हा सण आला कोठून, असा त्यांचा सवाल होता. १६८१ साली तो कायदा रद्द झाला. त्यानंतर कितीतरी काळ तेथे नाताळ हा आजच्यासारखा खरेदीचा सण नव्हता. मुलांना खेळणी, एकमेकांना वस्तू, दुकानांच्या सजवलेल्या काचा, हे सारे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात वाढले. ज्या काळात कारखान्यांतून माल भराभर निघू लागला आणि मोठमोठी दुकाने उभी राहिली, त्याच काळात भेटींचा हा रिवाज रुजला. हा योगायोग नव्हे.

याचा आणखी एक पुरावा पाहा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण पाळण्याची प्रथा होती. नाताळची खरेदी त्यानंतर सुरू होई. १९३९ साली हा गुरुवार तीस तारखेला आला. खरेदीला दिवस कमी पडतील, अशी तक्रार मोठ्या दुकानदारांनी केली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो सण एक आठवडा अलीकडे ओढला. देशात गोंधळ उडाला. काही राज्यांनी नवी तारीख मानली, काहींनी जुनीच. शेवटी १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. देवाचे आभार कोणत्या दिवशी मानायचे, हे ठरवताना गल्ल्याकडे पाहिले गेले. सण आणि बाजार यांत मालक कोण आणि चाकर कोण, हे यावरून तुम्हीच ठरवा.

आता दुसरी हकीकत ऐका. ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

१९१२ साली न्यूयॉर्क शहरात एक संस्था निघाली. तिचे नाव होते निरुपयोगी भेटी प्रतिबंधक मंडळ. कारखान्यांत आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलींसाठी त्या शहरात एक बचत निधी चालत असे. उन्हाळ्यात चार दिवस विसावा मिळावा म्हणून त्या मुली त्यात थोडे थोडे पैसे टाकीत. परंतु नाताळ आला की पैसे शिल्लक राहत नसत. कारण काय? तर आपल्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमिणीला, वरच्या साहेबाला भेट द्यावी लागे. सगळ्यांनी वर्गणी काढायची. जी देणार नाही तिच्यावर पुढे वर्षभर वक्रदृष्टी. या मुलींच्या तक्रारीतून ते मंडळ जन्मले. ॲन मॉर्गन आणि एलेनोर बेलमाँट या दोन श्रीमंत बायकांनी पुढाकार घेतला. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टदेखील सभासद झाले.

या हकीकतीत आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. भेट ही बरोबरीच्या नात्यातून येते किंवा मोठ्याकडून लहानाकडे मायेने येते. परंतु जेव्हा गरीब भीतीपोटी वरच्याला देतो, तेव्हा ती भेट राहत नाही. तिला आपल्या भाषेत खंडणी म्हणतात. रंगीत कागदात गुंडाळल्याने खंडणीची भेट होत नाही. गावच्या पाटलापुढे आणि सावकारापुढे आपल्या आजोबा-पणजोबांनी काय काय नेऊन ठेवले आणि कशासाठी ठेवले, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

हे मंडळ निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१३ च्या जुलैमध्ये, त्याच न्यूयॉर्क शहरात एक तरुण विद्यार्थी उतरला. बडोद्याची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड. त्यातून स्वतःचे भागवायचे आणि घरीही पाठवायचे. त्या तरुणाने तीन नाताळ त्या झगमगाटात काढले. दुकाने तीच होती, सजावट तीच होती. आणि त्याने खरेदी केली नाही असेही नाही. पोटाला चिमटा काढून त्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके खरेदी केली. तो तरुण म्हणजे आपले परमपूज्य बाबासाहेब. तेव्हा खरेदी ही गोष्टच वाईट, असे आपण म्हणू शकत नाही. काय घेतले, कोणाच्या सांगण्यावरून घेतले आणि त्याने माणूस वर चढला की खाली गेला, हे पाहावे लागते.

आता या उत्सवाची किंमत कोण मोजतो ते पाहू. अमेरिकेत १८९९ साली ग्राहकांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि फ्लॉरेन्स केली या बाई तिच्या सरचिटणीस झाल्या. गिऱ्हाईक डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत दुकानावर तुटून पडते. त्यामुळे दुकानातल्या मुलींना आणि माल पोचविणाऱ्या लहान पोरांना रात्री उशिरापर्यंत राबावे लागते, असे या संघटनेने लोकांसमोर मांडले. म्हणून खरेदी लवकर उरका, असा तिचा प्रचार होता. हेतू दयेचा होता. पण गंमत पाहा. लवकर खरेदी करा, ही घोषणा दुकानदारांनीच उचलली आणि खरेदीचा हंगाम आणखी लांबवला! दयेचे वाक्यदेखील बाजार विकायला काढतो.

आणि हे जुने झाले असे समजू नका. २८ नोव्हेंबर २००८ रोजी पहाटे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथे एका मोठ्या दुकानापुढे सवलतीच्या मालासाठी हजारोंची गर्दी जमली. दार उघडण्याच्या वेळी लोकांनी दारच मोडले. दाराशी उभा असलेला एक हंगामी कामगार त्या गर्दीच्या पायांखाली चिरडून मेला. तुडविणारे लोक दुष्ट नव्हते. ते तुमच्या-आमच्यासारखे संसारी लोक होते. आपल्या मुलांना स्वस्तात काहीतरी मिळावे म्हणून ते थंडीत उभे होते. भगवंतांनी तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले, त्याचा अर्थ कळण्यासाठी ही एक पहाट पुरेशी आहे. तृष्णा माणसाला राक्षस करीत नाही. ती त्याला फक्त पुढे पाहायला लावते, पायाखाली पाहू देत नाही.

तिसरी हकीकत इंग्लंडची. आपल्याकडे बायका जशी भिशी लावतात, तशी तेथे गरीब घरांतल्या बायका नाताळसाठी वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरीत. फेअरपॅक नावाची एक कंपनी हे पैसे गोळा करी आणि डिसेंबरात खाण्याच्या टोपल्या व खरेदीची कुपने देई. पैसे गोळा करणारी बाई बहुधा गल्लीतलीच, ओळखीची. ऑक्टोबर २००६ मध्ये ती कंपनी बुडाली. लाखाहून अधिक लोकांचे मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख पौंड अडकले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यातला काही भागच लोकांच्या हाती आला. ज्या बायकांनी शेजाऱ्यांचे पैसे गोळा केले होते, त्यांचा काही दोष नव्हता, पण त्यांना तोंड दाखवणे अवघड झाले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या बायका उधळ्या नव्हत्या. त्या काटकसरी होत्या. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन त्यांनी एका दिवसासाठी साठवले होते. मुलांना बेबंद लाड हवे म्हणून नव्हे, तर डिसेंबरात लाज जाऊ नये म्हणून. गरिबाची काटकसरदेखील उत्सवाच्या धाकाने कशी गिळली जाते, याचे हे उदाहरण आहे.

आता तुमच्यापैकी काहीजण मला अडवतील. तुम्ही म्हणाल, अहो, साधेपणाचे हे व्याख्यान पोट भरलेल्यांनी द्यावे. ॲन मॉर्गन ही कोण? अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सावकाराची मुलगी. तिने गरीब पोरींना काटकसर शिकवावी? आणि आमच्या लोकांना तर शतकानुशतके चांगले ल्यायला-खायलाच मिळाले नाही. आज चार पैसे हातात आले, पोराला नवा अंगरखा घेतला, तर लगेच धम्माचा उपदेश?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मनुस्मृतीने शूद्राला धनसंचयाची बंदी केली, तो समर्थ असला तरी. चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावी, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावे, असे तिने सांगितले. आपले दारिद्र्य हे नुसते दारिद्र्य नव्हते, ती आज्ञा होती. आणि म्हणूनच डिसेंबरच्या पंचवीस तारखेला आपल्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण सांगणारी राहणी टाका, लुगडी स्पृश्य स्त्रियांसारखी नेसा, स्वच्छ राहा. भगवान बुद्धांनीही दारिद्र्याची स्तुती केलेली नाही. गृहस्थाला त्यांनी धन मिळवू नको असे सांगितले नाही. न्यायाने मिळव आणि जपून वापर, असे सांगितले. तेव्हा नवे कपडे घालणारे मूल पाहून ज्याला धम्म आठवतो, त्याने धम्म वाचलेला नाही.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. मनूने सांगितले, तू हे नेसायचे नाहीस. आज बाजार सांगतो, तू हे घेतलेच पाहिजेस. दोन्ही आज्ञा सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. मनूची आज्ञा मोडणाऱ्याच्या पाठीवर काठी बसत असे. बाजाराची आज्ञा मोडणाऱ्याकडे लोक फक्त वळून पाहतात. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. तुझ्या अंगावर काय असावे आणि तुझ्या घरात काय यावे, हे ठरविणारा तू नाहीस. महाडला जे जळाले ते एक पुस्तक होते, आणि त्याबरोबर दुसऱ्याच्या हुकुमाने जगण्याची सवय जळावी, हा त्यामागचा हेतू होता. ती सवय आपण दुकानाच्या दारातून पुन्हा घरात आणावी काय?

मग द्यावे कसे? याचे उत्तर आपल्याला बाहेर शोधायला नको. अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत. तो श्रद्धेने देतो. तो आदराने देतो. तो योग्य वेळी देतो. तो मोकळ्या मनाने देतो. आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता देतो. ही पाच मापे घ्या आणि डिसेंबरच्या भेटीला लावून पाहा.

श्रद्धेने? ज्याचे नाव डब्यातून निघाले, त्याला आपण नीट ओळखतही नाही. आदराने? किमतीची मर्यादा आधीच ठरलेली, वस्तू घाईत उचललेली. योग्य वेळी? वेळ त्याच्या गरजेची नाही, पंचांगाची आहे. शेजारणीचा नवरा आजारी होता तेव्हा जुलैत आपण गेलो नाही, आणि डिसेंबरात चॉकलेटचा डबा घेऊन जातो. मोकळ्या मनाने? मनात हिशेब चाललेला असतो, त्याने गेल्या वर्षी केवढ्याचे दिले होते. आणि पाचवे माप सर्वांत कठीण आहे. स्वतःला इजा न करता, म्हणजे कर्ज न काढता. दुसऱ्याला इजा न करता, म्हणजे रात्रभर गोदामात माल बांधणाऱ्या आणि दुचाकीवरून धावत तो दारी आणणाऱ्या पोराला विसरून न जाता.

अर्थशास्त्राच्या बाजूनेही हेच दिसते. अमेरिकेतील जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली एक शोधनिबंध लिहिला. त्याने विद्यार्थ्यांना विचारले, तुम्हाला नाताळात मिळालेल्या वस्तूची भावनेची बाजू सोडली तर तुम्ही तिला किती मोल द्याल? त्यावरून त्याने अंदाज काढला की, भेटीच्या किमतीपैकी एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो. हजार रुपयांची वस्तू घेणाऱ्याला सहासातशे ते नऊशेची वाटते. तुम्ही म्हणाल, भावनेची बाजू सोडून कसे चालेल? बरोबर आहे. तीच तर खरी भेट आहे. पण मग ती भावना वस्तूच्या किमतीवर अवलंबून नाही, हेही मान्य केले पाहिजे. भावना असेल तर एक पेरू पुरतो. भावना नसेल तर दुकान पुरत नाही.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावे असे सांगितले आहे. एक उपभोगाला, दोन उद्योगाला, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. उपभोगाचा भाग त्यात आहे, हे विसरू नका. मुलाचा आनंद त्या भागातून करावा, आणि निर्धास्तपणे करावा. पण चौथ्या भागाला हात लागला की समजावे, आता सण आपल्याला साजरा करीत आहे. आज तर चौथा भागही लागत नाही. मोबाईलवर बोट ठेवले की हप्ता बांधला जातो. एक दिवसाची भेट आणि बारा महिन्यांचा हप्ता! अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख स्वतंत्रपणे मोजले आहे. सावकाराच्या वहीतून बाहेर यायला ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना या सुखाची किंमत कोणी सांगावी?

आणि आता थोडे स्वतःकडे पाहू. परक्याच्या सणावर टीका करणे सोपे असते. आपल्या वस्तीत एप्रिल महिन्यात वर्गणीची पावती फाडताना आपण कधी विचारतो का, की समोरचा मनापासून देतो आहे की भीडेपोटी? ज्याची रोजी बुडाली आहे त्याच्या दारात पाच जणांनी उभे राहून मागितलेले शंभर रुपये दान आहे की खंडणी? कानठळ्या बसविणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर एका रात्रीत जे उडते, त्यात वस्तीतल्या अभ्यासिकेचे वर्षाचे वीजबिल भरले असते. लग्नात लोक काय म्हणतील म्हणून काढलेले कर्ज बौद्ध विधीने लग्न लावल्यामुळे फिटत नाही. न्यूयॉर्कच्या मुलींना जी वर्गणी जाचत होती, ती आपल्या गल्लीत निळ्या पावतीवर मागितली गेली तरी जाचच आहे. धम्मांतर म्हणजे एक दुकान सोडून दुसऱ्या दुकानात जाणे नव्हे.

मग त्या आईने काय करावे? माझे मत सांगतो, पटले तर घ्या. पोराला वर्गात जरूर पाठवावे. ज्याचा सण आहे त्याला शुभेच्छा द्यायला शिकवावे. त्यात आपल्या दीक्षेला बाध येत नाही. पण भेट बाजाराच्या यादीतून न घेता मुलानेच ठरवावी. मित्राला काय लागते, हे त्याला विचारावे. त्याची पेन्सिल नेहमी हरवत असेल तर पेन्सिल द्यावी. त्याला गोष्टी आवडत असतील तर वाचून झालेले, नीट कव्हर घातलेले पुस्तक द्यावे. लाल कपडे नसतील तर नाहीत असे सांगावे, आणि ते सांगताना आईने खाली पाहू नये. आईची मान ताठ असली की मुलाला कमीपणा वाटत नाही. आणि शिक्षकांना दोन ओळी लिहाव्या की, किमतीची अट काढून टाकली तर वर्गातल्या आणखी दहा आयांची झोप सुखाची होईल. त्या दहा आया कोणत्या जातीच्या किंवा धर्माच्या आहेत, हे पाहू नये.

खरेदीचे म्हणाल तर, नाताळच्या आधी एकोणीस दिवस, सहा डिसेंबरला, दादरला शिवाजी पार्कवर जाऊन पाहा. गावोगावचे लोक चैत्यभूमीवर येतात. हातात पिशवी, त्यात घरून आणलेली भाकरी. रात्र मंडपात काढतात. आणि परत जाताना त्या पिशवीत काय असते? भाकरीच्या जागी पुस्तक असते. ती खरेदी करा असे त्यांना कोणी चिठ्ठी पाठवून सांगितलेले नसते.